मामंजींच्या गाडीचा सेल्फ

मामंजींनी डॅशबोर्डखालची मूठ ओढली आणि बॉनेटमधून आवाज आला, "टक्."

पुन्हा ओढली. पुन्हा "टक्."

मग ते हात मांडीवर ठेवून शांतपणे समोर बघत बसले. मी अंगणात पाणी मारत होते. लग्न होऊन मिरजेत आल्याला मला चौथाच दिवस होता. सासऱ्यांशी किती बोलावं, कधी बोलावं याचा अंदाज अजून यायचा होता, तरी राहवेना.

"मामंजी, गाडी सुरू होत नाहीय का?"

"होईल."

"सेल्फ घेत नाहीय वाटतं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नव्या सुनेच्या तोंडी 'सेल्फ' हा शब्द त्यांना बहुधा अपेक्षित नव्हता. "होईल, होईल," ते म्हणाले आणि परत समोर बघायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या घराचं फाटक करकरलं. बनियन आणि पांढरी लुंगी घातलेले, साठीला टेकलेले एक गृहस्थ बाहेर आले. कुणाकडेही न बघता सरळ आमच्या गाडीमागे गेले, दोन्ही पंजे डिकीवर ठेवले आणि ढकलायला लागले. गाडी फाटकातून बाहेर पडली, गल्लीच्या वळणापर्यंत गेली, एक आचका देऊन सुरू झाली आणि मामंजी निघून गेले. ना हात केला, ना हॉर्न दिला. ते गृहस्थ हात झटकत परत फिरले आणि आपल्या घरात शिरले.

मी बादली तिथंच ठेवून स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेले.

"आत्याबाई, ते गाडी ढकलणारे कोण?"

"पारिसाकाका. तुझ्या मामंजींचे सख्खे धाकटे भाऊ."

"लग्नात दिसले नाहीत."

"आले नव्हते. दोघं बोलत नाहीत."

"किती दिवस झाले?"

"नऊ वर्षं."

"आणि तरी गाडी ढकलतात?"

"रोज." आत्याबाईंनी तव्यावरची चपाती उलटली. "तू चहा घेतलास का?"

नऊ वर्षांचं कारण मला हळूहळू कळलं. मोठ्या नणंदेच्या लग्नाच्या पत्रिकेत 'आपले विनीत' खाली घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं होती, लांबच्या मावसभावाचंसुद्धा होतं. फक्त पारिसा मगदूम हे नाव नव्हतं. काका म्हणाले, मुद्दाम गाळलं. मामंजी म्हणाले, ज्याला असं वाटतंय त्याला मी काय सांगायचं? काकांना दुसरं कुणी नव्हतं. काकू त्याआधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. तेव्हापासून दोन घरांमध्ये एक कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीच्या दोन बाजूंना दोन भाऊ आपापला पेपर वाचत बसत. भूपाल मगदूम अलीकडे, पारिसा मगदूम पलीकडे.

गाडीचं कारण मात्र कुणी धड सांगेना. गाडी चोपन्न सालची, विलायती, फुगीर बॉनेटची. एक मिशनरी डॉक्टर देश सोडून जाताना ती दोघा भावांच्या वडिलांना, अण्णांना, देऊन गेला होता. गावात तिला 'अण्णांची डबी' म्हणायचे. इंजिन फिरवणारा तो सेल्फ दुरुस्त का करत नाही असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मामंजी म्हणाले, "त्याचा पार्ट विलायतेहून मागवावा लागतो." पुढच्या आठवड्यात विचारलं तर, "मिरजेत या गाडीला हात लावणारा मेस्त्री नाही." तिसऱ्या वेळी म्हणाले, "धक्का मारून सुरू केलेलं इंजिन जास्त टिकतं."

हे तिसरं ऐकून मी तोंडाला पदर लावला. माझ्या बाबांचं निपाणीत ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज. दहाव्या वर्षापासून मी आर्मेचर पुसले होते, कार्बन बदलले होते, बॅटरीच्या पाण्यानं फ्रॉकला भोकं पाडून घेऊन आईचा मार खाल्ला होता. लग्न ठरवताना हे सासरी सांगायचं नाही असं आईनं बजावलेलं. पण रोज सकाळी ते "टक्" ऐकून माझ्या हाताला खाज सुटायची. कुणी पेटी वाजवताना एकच सूर चुकीचा लावावा आणि आपण शेजारी गप्प बसावं, तसं व्हायचं.

नवऱ्याला विचारलं. अजित साखर कारखान्यात नोकरीला, फक्त रविवारी घरी यायचा. तो म्हणाला, "त्या गाडीत पडू नकोस, त्रिशला."

"का?"

"आमच्या घरात कुणी पडत नाही."

मीही पडले नसते. पण सहा महिन्यांनी एका सकाळी ढकलताना काकांचा पाय घसरला आणि ते गुडघ्यावर आपटले. मी ओट्यावरून पाहिलं. मामंजींनी आरशात पाहिलं आणि कचकन ब्रेक मारला. उतरतील असं वाटलं. दाराच्या कडीवर हात गेलेला मला दिसला. पण ते उतरले नाहीत, नुसते थांबून राहिले. काका उठले, लुंगी झटकली आणि परत ढकलायला लागले. दुसऱ्या दिवशी ते गुडघ्याला पट्टी बांधून आले. लंगडत आले, पण वेळेवर आले.

त्याच दिवशी मी ठरवलं. साठीच्या माणसाला असं राबवून घ्यायचं आणि वर बोलायचंही नाही, ही काय रीत झाली?

आठवड्याभरात बियाणे विक्रेत्यांच्या बैठकीसाठी मामंजी तीन दिवस पुण्याला गेले. ते रिक्षात बसले आणि मी अजितची जुनी पँट शोधायला लागले. आत्याबाईंनी मला पँटमध्ये पाहिलं, कपाळाला हात लावला आणि फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. कुणी येताना दिसलं की खोकायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

आधी हेडलाइट लावून मूठ ओढली. "टक्." दिवे जराही मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरी ठीक, पण करंट सेल्फच्या आत जातच नव्हता. गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे दोनदा बघून घेतलं आणि सेल्फच्या स्विचच्या दोन टोकांवर जाड पाना टेकवला. तरी सेल्फ ढिम्म. म्हणजे स्विचचा दोष नाही. इंजिनपासून बॉडीला एक जादा तार जोडून पाहिली, अर्थिंगही बरोबर होतं. शेवटी बाबांची युक्ती केली. आत्याबाईंना मूठ ओढायला बसवलं आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं सेल्फच्या पाठीत हलकेच ठोकलं.

"घर्रर्र!" इंजिन फिरलं. आत्याबाई किंचाळून गाडीबाहेर आल्या.

"काय मोडलंस गं?"

"मोडलं नाही आत्याबाई, सापडलं. आत करंट पोचवणारे कार्बन झिजून संपलेत. ठोकलं की टेकतात, नाहीतर नाही."

"मग रोज ठोकायचं."

"उद्या तेही ऐकणार नाही."

पोस्टातून बाबांना ट्रंक कॉल लावला. बाबांनी गाडीचं नाव दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "तसला एक सेल्फ माळ्यावर पडलाय. बघतो." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निपाणीच्या एसटीतून साखरेच्या पोत्यात गुंडाळलेला सेल्फ आला. सोबत चिठ्ठी: 'बुश नवे, कार्बन नवे घातलेत. आर्मेचर साफ केलंय. बॅटरीची तार आधी सोडव. सासरी आहेस, जरा जपून.' यातलं शेवटचं वाक्य विजेबद्दल होतं की सासऱ्यांबद्दल, ते बाबांनाच माहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीखाली शिरले. वरचा बोल्ट लगेच निघाला होता. खालचा चोपन्न सालापासून बसलेला, रॉकेल पाजून पाजून अर्धा तास गेला. तो सुटला तेव्हा सेल्फचं सगळं वजन हातावर आलं, सात-आठ किलो तरी असेल. तोंडावर तेल ठिबकतंय, सेल्फ खाली घेता येईना, वर ढकलता येईना.

"काय कराय लागलीस गं पोरी?"

भिंतीवरून पारिसाकाका वाकून बघत होते. माझ्याशी ते बोलायचे. भांडण फक्त एका माणसापुरतं होतं.

"काका, वरून जरा धरा ना!"

त्या दुखऱ्या गुडघ्यानं ते भिंत ओलांडून आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा आमच्या अंगणात थांबले. रोज यायचे ते नुसते ढकलत जाण्यापुरते. त्यांनी वरून सेल्फ धरला, मी खालून सरकवला आणि तो बाहेर आला. मी उघडून दाखवला. कार्बन एवढे झिजले होते की स्प्रिंग तांब्याच्या पट्ट्यांना टेकून खरवडत होती.

"म्हणजे खरंच खराब होता," काका म्हणाले.

"म्हणजे? तुम्हाला काय वाटलं?"

"काही नाही."

नवा सेल्फ त्यांनीच उचलून दिला. मी बोल्ट आवळत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "आता मूठ ओढली की सुरू होणार?"

"लगेच. आता तुम्हाला ढकलायला नको. गुडघ्याला आराम."

"बरं झालं." थोडा वेळ ते बॉनेटला धरून उभे राहिले. "बरं झालं की." मग हात पुसले आणि फाटकातून, रस्त्यानं, लांबच्या वाटेनं घरी गेले.

रात्री पुण्याहून परतलेले मामंजी दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात जायला निघाले. मी ओट्यावर उभी. आत्याबाई दारात. मामंजींनी मूठ ओढली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. ते इतके दचकले की त्यांचा क्लचवरचा पाय सुटून इंजिन बंद पडलं. पुन्हा ओढली. पुन्हा सुरू. शेजारचं फाटक अर्धं उघडलेलं मला दिसलं. गाडीचा आवाज ऐकून ते तिथंच थांबलं आणि परत लागलं.

"कुणी केलं हे?" मामंजींनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. शाबासकीच्या तयारीनंच म्हणाले.

"चांगलं केलंस," मामंजी म्हणाले, आणि दात दुखत असल्यासारखं तोंड करून निघून गेले.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरात काही म्हणून चांगलं होईना. आमटी अळणी झाली, पेपर उशिरा आला, माझ्या बापाचा सेल्फ फार आवाज करतो असं रोज ऐकावं लागलं. सकाळी गाडी सुरू केल्यावर मामंजी पाच-पाच मिनिटं तसेच बसायचे. कधी आरसा पुसायचे, कधी काच खालीवर करायचे. मागून कुणी येत नव्हतं. पलीकडे काकांनी पेपर घरात बसून वाचायला सुरुवात केली होती.

"आत्याबाई, माझं काही चुकलं का?"

"नाही गं. गाडी छान झालीय," आत्याबाई म्हणाल्या, आणि भाजी निवडत राहिल्या.

सोळाव्या दिवशी सकाळी पुन्हा नुसतंच "टक्" झालं. मामंजींनी तीनदा मूठ ओढली आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की बस. "बघ! निपाणीचा सेल्फ!" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत शेजारचं फाटक उघडलं. काका आले. नेहमीच्या बनियनऐवजी इस्त्रीचा सदरा. गाडी वळणापर्यंत ढकलली गेली, सुरू झाली, आणि त्या दिवशीची आमटी उत्तम होती.

मला मात्र जेवण गोड लागेना. बाबांचं नाव गेलं होतं. दुपारी गाडी परत आल्यावर मी बॉनेट उघडलं. स्विचपासून सेल्फकडे जाणारी जाड तार काढून बाजूला केलेली होती. तुटलेली नव्हती, सैल होऊन पडलेलीही नव्हती. टोकाला चिंधी नीट गुंडाळून, नट वॉशरसकट बॅटरीशेजारी ठेवला होता. मी मुकाट्यानं जोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चिंधीसुद्धा तीच.

मामंजीच असणार, दुसरं कोण? माझ्यावरचा राग असा काढतात तर. मी जिद्दीला पेटले. तार जोडली, खाली स्प्रिंग वॉशर घातला, लांब पाना लावला आणि सगळं अंग झोकून नट असा आवळला की माझ्याशिवाय कुणाच्या बापाला सुटू नये.

तिसऱ्या दिवशी दूधवाल्याची वाट बघत मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. नुकतं फटफटलं होतं. भिंतीवरून एक पाय आला, मग दुसरा, आणि हातात पाना घेऊन पारिसाकाका आमच्या अंगणात उतरले. मी खिडकीचे गज धरून ठेवले. म्हणजे मामंजी नव्हेत!

काकांनी बॉनेट उघडलं, बंपरला टेकून आत वाकले. नट सुटेना. त्यांनी जोर केला, श्वास घेतला, परत जोर केला. तेवढ्यात आमचं पुढचं दार हळूच वाजलं. मामंजी बाहेर आले. अनवाणी. त्यांच्याही हातात पाना होता.

दोघांमध्ये दहा पावलं असतील. मामंजींना गाडीशी कुणीतरी वाकलेलं दिसलं आणि ते थबकले. काकांना मागचं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी पुन्हा जोर केला, पाना नटावरून सटकला आणि स्विचच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला.

ठिणग्या उडाल्या. सेल्फ गुरगुरला. मामंजींचा हँडब्रेकवर विश्वास नसल्यानं ते गाडी नेहमी गिअरमध्ये उभी करायचे, त्यामुळे अख्खी गाडी हरणासारखी पुढे उसळली आणि बंपर काकांच्या नडगीला लागला.

"पारिसा!"

पाना फेकून मामंजी धावले. काकांना दंडाला धरून त्यांनी बाजूला ओढलं आणि दोघंही अंगणात बसले. बसले म्हणजे पडलेच. मी दार उघडून ओट्यावर आले, पण माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"लागलं का? बघू. कुठं लागलं?"

"काही नाही झालं."

"बॅटरी आधी सोडवायची असते, एवढं कळत नाही? गाढवा, मेला असतास!"

"ओरडू नको. पोरगी उठेल."

"माझ्या घरात मला सांगू नको."

बोलून झाल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की आपण बोललो. मग काकांना धुळीत पडलेला दुसरा पाना दिसला.

"तू पाना घेऊन कशाला आलास?"

मामंजी काकांच्या सदऱ्यावरची धूळ झटकायला लागले.

"भूपाला, मी काय विचारतोय?"

"तू ज्यासाठी आलास त्यासाठीच. काल पोरीला नट आवळताना पाहिलं मी. तुला सुटणार नाही, वाटलं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं मी सोडतोय ते?"

"पहिल्याच दिवशी. सदरा कोण घालतं रे, गाडी ढकलायला?"

काका गुडघा चोळत राहिले. उजाडत चाललं होतं. मग मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "माझं नाव का गाळलंस?"

"मी गाळलं नाही. माझ्या हातानं लिहून दिलेला कागद होता. दुसरं नाव तुझं. छापणाऱ्यानं ती ओळच खाल्ली."

"मग नऊ वर्षं सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कधी? तू थेट म्हणालास, मुद्दाम केलं. म्हटलं, माझा भाऊ असं म्हणतोय, तर म्हणू दे."

"मी रागात म्हणालो."

"मी रागात ऐकलं."

मागून आत्याबाई आल्या होत्या. त्या डोळ्यांना पदर लावतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "झालं असेल तर हातपाय धुवा दोघांनी. बस्तीत जायची वेळ झाली."

काका उठायला लागले. मामंजींनी हात दिला आणि तो सोडायचा विसरले. तसेच दोघं नळापाशी गेले. चहा झाला. मग मामंजींनी गाडीचं डावीकडचं दार उघडून धरलं. काका आधी नको म्हणाले, मग सदरा बदलून येतो म्हणाले, शेवटी बसले. मामंजी मात्र गाडीत बसण्याआधी बॉनेटशी गेले, आधी बॅटरीची तार काढली, मग माझा तो नट दोन हातांनी पाना धरून सोडवला, सेल्फची तार बाजूला केली, बॅटरी परत जोडली आणि नट सदऱ्याच्या खिशात टाकून आत बसले. मूठ ओढली. नुसतंच "टक्."

दोघं सरळ समोर बघत बसले.

मी शेजारच्या फाटकाकडे पाहिलं. मग लक्षात आलं की आता ढकलायला कुणी उरलेलं नाही.

"मामंजी, नट द्या. दोन मिनिटांत जोडते."

"कुठला नट?" मामंजी म्हणाले.

मी पदर कमरेला खोचला, गाडीमागे गेले आणि दोन्ही पंजे डिकीवर ठेवले. दोन धडधाकट म्हातारे आत, त्यात चोपन्न सालचं लोखंड. फाटकापर्यंतच माझा दम निघाला. गाडीत भांडण परत सुरू झालं होतं. ती पत्रिका कुणी आणायला गेलं होतं, ती आधी का वाचली नाही, वगैरे. काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पोरी, हातानं नको, खांदा लाव! वळणाच्या आधी जोर लागतो तिथं!"

"गप बस," आतून मामंजींचा आवाज आला. "तिला काय शिकवतोस? तिला सगळं येतंय."

लग्न होऊन सात महिने झाले होते, आणि मामंजींनी माझं केलेलं हे पहिलं खरं कौतुक. तेही मला नाही, भावाला ऐकवलेलं. मी खांदा लावला.